आभासी जगे : कोण तेथे कशासाठी जातो?

पालकसभेत अलीकडे एक तक्रार हमखास कानी पडते. सुट्टीत घरी आलेले मूल हातातला मोबाइल खाली ठेवीत नाही, दिवसभर 'गेम' खेळत बसते. तक्रार खोटी नसते. परंतु 'गेम' या एका शब्दात आपण इतक्या निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत की, मूल तेथे नेमके काय करते याचा उलगडा त्यातून होत नाही. एखादे मूल दिवसभर पुस्तक वाचते असे कोणी सांगितले, तर आपण ताबडतोब विचारतो, 'कोणते पुस्तक?' मोबाइलमधील जगाविषयी मात्र आपण 'किती वेळ?' एवढेच विचारतो, 'कोणते जग?' हे विचारीतच नाही.

या लेखात आम्ही तो न विचारलेला प्रश्न हाती घेत आहोत. आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु कोणताही समाज समजून घेताना इतिहासाचा अभ्यासक जे प्रश्न विचारतो, तेच येथेही विचारता येतात. हे जग कोणी वसवले? तेथे कोण, कशाच्या ओढीने येतो? तेथील नियम कोण ठरवतो? आणि तेथे कमावलेले अखेर कोणाच्या मालकीचे राहते?

आभासी जग कशाला म्हणावे?

मोबाइलवरचा प्रत्येक खेळ म्हणजे आभासी जग नव्हे. मोबाइलवर कॅरम खेळलो आणि डाव संपला की ते जग संपते. आभासी जगाची तीन लक्षणे साधारणपणे मानली जातात. पहिले, तेथे एकाच वेळी अनेक माणसे वावरतात आणि एकमेकांशी व्यवहार करतात. दुसरे, आपण बाहेर पडलो तरी ते जग चालूच राहते. सकाळी परत गेलो तर रात्रीतून तेथे काही घडून गेलेले असते. तिसरे, प्रत्येक माणूस तेथे स्वतः निवडलेल्या नावाने आणि रूपाने वावरतो.

या निवडलेल्या रूपाला जगभर 'अवतार' म्हणतात. शब्द आपल्याच देशातला. १९८० च्या दशकाच्या मध्यास 'हॅबिटॅट' हे चित्रमय आभासी जग तयार करणाऱ्या अमेरिकन मंडळींनी तो या अर्थाने वापरला आणि नील स्टीव्हन्सन यांच्या १९९२ च्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीने तो सर्वदूर नेला. 'मेटाव्हर्स' हा शब्दही त्याच कादंबरीतला. ज्या समाजाने १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेताना अवतारकल्पनाच नाकारली, त्याच्या मुलांच्या तोंडी हा शब्द इंग्रजीच्या वाटेने परत यावा, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा आहे. आम्ही या लेखात त्याऐवजी 'प्रतिरूप' हा शब्द वापरतो. अर्थही त्याने अधिक नेमका होतो.

आरंभ : एसेक्स विद्यापीठ, १९७८

आभासी जगाचा उगम एखाद्या मोठ्या कंपनीत झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये असे पहिले जग लिहावयास घेतले आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने ते पुढे नेले. त्याचे नाव 'मड'. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता. पडद्यावर फक्त वाक्ये उमटत: तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात, उत्तरेस दरी आहे, अमुक व्यक्ती येथे आली आहे. आपण आज्ञा टंकायची आणि पुढचे वर्णन वाचायचे. तरीही माणसे त्यात रात्र रात्र रमत.

बार्टल कामगारवर्गीय कुटुंबातून आलेले. इंग्लंडमध्ये जन्माने मिळालेला वर्ग माणसाच्या बोलण्याच्या ढबीवरूनही ओळखला जातो आणि आयुष्यभर त्याच्या पाठीशी लागतो. त्या व्यवस्थेविषयीचा राग 'मड'च्या रचनेत उतरला होता, असे बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. जेथे माणूस कोणाच्या पोटी जन्मला यावरून नव्हे, तर तो काय करतो यावरून ओळखला जाईल, असे जग त्यांना हवे होते. तेथे प्रत्येक जण सारख्याच पायरीवरून सुरुवात करी आणि आपल्या कर्तबगारीने वर चढे. आजच्या बहुतेक खेळांत 'लेव्हल' वाढत जाते, त्या पद्धतीमागे हाही विचार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कल्पनेचे आकर्षण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

चार प्रवृत्ती

एका जगात आलेली सर्व माणसे एकाच गोष्टीसाठी येत नाहीत, हे बार्टल यांच्या लवकरच ध्यानात आले. 'मड'मधील जुन्या खेळाडूंमध्ये एकदा दीर्घ चर्चा झाली: आपल्याला येथे नेमके काय हवे असते? त्या चर्चेच्या आधारे बार्टल यांनी चार प्रवृत्ती मांडल्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या चौघांना पत्त्यांतील चार रंगांची नावे दिली आहेत.

पहिला यशार्थी. त्याला गुण, पायऱ्या, खजिना हवा असतो, तो चौकट. दुसरा शोधक. त्याला या जगाच्या कानाकोपऱ्यात काय दडले आहे आणि ते कसे चालते हे जाणून घ्यायचे असते; तो इस्पिक, कारण इस्पिकाच्या इंग्रजी नावाचा दुसरा अर्थ खणावयाचे फावडे. तिसरा स्नेहार्थी. त्याला खेळापेक्षा सोबत प्रिय. तो अर्थातच बदाम. चौथा वर्चस्वार्थी. त्याला दुसऱ्यावर आपला जोर चालवण्यात आनंद वाटतो. तो किलवर, कारण त्या इंग्रजी नावाचा एक अर्थ सोटा असा आहे.

हे चौघे ओळखण्यासाठी संगणकच हवा असे नाही. शाळेची सहल अजिंठ्याला गेली की चौघेही दिसतात. एक मुलगा सगळ्यांच्या पुढे धावतो आणि किती लेणी पाहून झाली हे मोजतो. एक मुलगी अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीजवळ थांबते आणि हा रंग इतकी शतके टिकला कसा, असे विचारते. तिसरे मूल चित्रांकडे फारसे पाहत नाही. सगळ्यांच्या डब्यातला एकेक घास खात गप्पा मारते. चौथा कोणाची तरी टोपी पळवतो आणि ती परत मिळवण्यासाठी समोरच्याने केलेल्या विनवण्या ऐकतो. सहल एकच, परंतु चौघांच्या सहली चार.

या विभागणीला मर्यादा आहेत. निक यी या संशोधकाने खेळाडूंची मोठी पाहणी करून २००६ मध्ये असे दाखवले की, माणसे अशा चार बंद खणांत बसत नाहीत. यश, सोबत आणि तल्लीनता या तीन प्रेरणा एकाच माणसात कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदू शकतात. यातील तल्लीनता ही बार्टल यांच्या चौकटीत नीट न मावणारी बाब: कथेत शिरणे, दुसरेच कोणी होऊन पाहणे, रोजच्या ताणापासून काही काळ दूर जाणे. म्हणून वरील चार नावे मुलांच्या कपाळी चिकटवावयाची लेबले नव्हेत. निरीक्षणाची साधने म्हणूनच ती उपयोगी आहेत.

त्यांचा उपयोग किती होतो याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या जगात सप्टेंबर २००५ मध्ये एका लढाईपुरता ठेवलेला संसर्गजन्य आजार निर्मात्यांच्या चुकीने त्या लढाईबाहेर पडला आणि पाळीव प्राण्यांमार्फत गजबजलेल्या शहरांत पोहोचला. दुबळी प्रतिरूपे पटापट मरू लागली. तेव्हा काही खेळाडू इतरांवर उपचार करण्यासाठी धावले. काही शहर सोडून रानात गेले. काही केवळ काय घडते हे पाहण्यासाठी संकटाच्या ठिकाणी आले. आणि काहींनी मुद्दाम आजार अंगावर घेऊन तो इतरांत पसरवला. अखेर कंपनीला ते जग पूर्ववत करावे लागले. साथरोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकात या घटनेची दखल घेतली. कारण साथीत माणसे कशी वागतील, हे गणिती सूत्रांत बसवणे अवघड असते. २०२० नंतर आपण सर्वांनी जे पाहिले, त्यानंतर या नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

चार जगे, चार ओढी

आता काही प्रत्यक्ष जगे शेजारी ठेवून पाहू.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली. येथे ध्येये आखून दिलेली असतात. पायऱ्या चढा, शस्त्रे मिळवा, मोठ्या शत्रूला हरवा. पहिल्या दृष्टीस हे यशार्थींचे जग वाटते. परंतु त्यातील मोठ्या मोहिमांसाठी सुरुवातीला ४० पर्यंत खेळाडू एकत्र यावे लागत. त्यासाठी कायमचे संघ तयार झाले. त्यांना 'गिल्ड' म्हणतात. माणसे यशासाठी आली आणि सोबतीसाठी थांबली.

नॉर्वेतील मॅट्स स्टीन याची हकिकत या संदर्भात सांगितली पाहिजे. स्नायू दुबळे करीत नेणारा ड्युशेन हा आजार त्याला लहानपणापासून होता. तो चाकांच्या खुर्चीत असे आणि बराच वेळ याच जगात 'आयबेलिन' या नावाने वावरे. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. आपल्या मुलाला मैत्री लाभलीच नाही, या दुःखात त्याचे आईवडील होते. त्यांनी त्याच्या अनुदिनीवर निधनाची वार्ता लिहिली, आणि निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. मॅट्सने कोणाला नैराश्यात धीर दिला होता, कोणा आईला आपल्या मुलाशी पुन्हा बोलते केले होते. त्याच्या गिल्डमधील काही जण अंत्यविधीला परदेशातून आले. २०२४ मध्ये त्याच्या आयुष्यावरील माहितीपट जगभर पाहिला गेला. आईवडील प्रेमळ होते, एकाच घरात राहत होते. तरीही आपला मुलगा त्या जगात कोण आहे, हे त्यांना त्याच्या मृत्यूनंतर कळले.

दुसरे जग 'सेकंड लाइफ', २००३ चे. येथे जिंकावयाचे काहीच नाही. कंपनी फक्त जमीन देते. घरे, कपडे, वाद्ये, सभागृहे सारे तेथील रहिवासी स्वतः घडवतात, विकतात आणि तेथील चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेऊ शकतात. २००७ मध्ये स्वीडनने तेथे आपले दूतावासवजा दालनही उघडले होते. यशार्थी येथे लवकर कंटाळतो, 'आता करावयाचे काय?' म्हणून विचारतो. स्नेहार्थी आणि स्वतःचे काही घडवू पाहणारा मात्र वर्षानुवर्षे राहतो. अपंग व्यक्तींचे समूह या जगात दीर्घकाळ टिकून आहेत. ज्याला प्रत्यक्षात चालता येत नाही तो तेथे नाचतो. आणि ज्याला वाटेल तो तेथेही आपले प्रतिरूप चाकांच्या खुर्चीतच ठेवतो. निवड त्याची असते, हे महत्त्वाचे.

तिसरे 'माइनक्राफ्ट'. मार्कुस पेरसन या स्वीडिश प्रोग्रामरने ते २००९ मध्ये लोकांपुढे आणले, २०११ मध्ये ते पूर्ण स्वरूपात आले, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते तयार करणारी कंपनी २५० कोटी डॉलरला विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. हे सारे जग ठोकळ्यांचे. ठोकळा फोडा, ठोकळा रचा. शोधकाला आणि घडवणाऱ्याला याहून मोठे मैदान नाही; त्यातील 'रेडस्टोन' नावाच्या घटकाने मुले विजेच्या मंडलांसारख्या रचना करतात आणि नकळत तर्कशास्त्र शिकतात.

या जगाचे दोन उपयोग आपल्या वाचकांना विशेष वाटतील. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने २०२० मध्ये माइनक्राफ्टच्या आत एक भव्य ग्रंथालय उभारले आणि ज्या देशांत वृत्तपत्रांची गळचेपी होते, तेथील बंदी आलेले लेखन त्यात ठेवले. जेथे संकेतस्थळे रोखली जातात तेथेही हा खेळ बहुधा चालू असतो. त्या वाटेने बंदी घातलेले शब्द वाचकांपर्यंत पोहोचावेत, ही कल्पना. दुसरा उपक्रम 'ब्लॉक बाय ब्लॉक'. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक संस्थेने माइनक्राफ्टच्या निर्मात्यांसोबत गरीब वस्त्यांतील मोकळ्या जागांची आखणी तेथील रहिवाशांकडूनच करवून घेतली. नैरोबीतील किबेरा ही त्यातील आरंभीची वस्ती. वास्तुविशारदाचा नकाशा वाचता येत नाही म्हणून ज्यांचे मत कधी घेतलेच जात नव्हते, त्या स्त्रियांनी आणि मुलांनी ठोकळे रचून दाखवले: दिवा येथे हवा, बसावयास जागा तेथे हवी.

चौथे 'रोब्लॉक्स'. २००६ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर २०२५ मध्ये दररोज १० कोटींहून अधिक लोक येत होते, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा. हे एक जग नसून वापरणाऱ्यांनीच तयार केलेल्या असंख्य लहान जगांची जत्रा आहे. एका पालात झोके, दुसऱ्यात मौत का कुआँ, तिसऱ्यात नुसती गर्दी. चारही प्रवृत्तींना येथे जागा आहे, म्हणूनच ते इतके पसरले. होतकरू मुलगा वा मुलगी येथे स्वतःचा खेळ लिहूनही मांडू शकते. परंतु जत्रेत खिसेकापू आणि अनोळखी 'काका' असतात, तसे येथेही असतात. मोठ्या माणसांनी खोट्या वयाने वावरून मुलांशी सलगी केल्याच्या गंभीर तक्रारी या मंचाविरुद्ध अनेक देशांत झाल्या आहेत. जत्रेत लहान मुलाचा हात आपण सोडत नाही; येथेही सोडू नये.

आडनाव नसलेले जग?

आता मूळ कल्पनेकडे येऊ: जन्म न विचारणारे जग. ते खरोखर अस्तित्वात आले काय?

अंशतः आले. गावात ज्याला चारचौघांत मोठ्याने बोलावयाचा संकोच वाटतो, असा मुलगा पंधरा अनोळखी खेळाडूंना सूचना देतो आणि ते त्याचे ऐकतात. याचे महत्त्व कमी लेखू नये. निवडलेल्या रूपाचा वागण्यावर परिणाम होतो, हे प्रयोगांनीही दिसले आहे. यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवले की, ज्यांना उंच प्रतिरूप दिले ती माणसे वाटाघाटीत अधिक ठामपणे बोलली. ताठ उभे राहण्याची सवय आधी प्रतिरूपाला लागते आणि मग माणसाला, असे म्हणावयास वाव आहे.

परंतु जन्माची उतरंड गेली तेथे पैशाची उतरंड आली. या जगांपैकी बरीचशी फुकट असतात. मात्र पोशाख, केस, अलंकार विकत घ्यावे लागतात. जे मूल विकत घेऊ शकत नाही, त्याचे प्रतिरूप आरंभी मिळालेल्या साध्या रूपातच राहते, आणि त्या रूपावरून त्याला ओळखले जाते. 'फोर्टनाइट' या खेळात 'डिफॉल्ट' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. रोब्लॉक्समध्ये आरंभीच्या केसांवरून 'बेकन' म्हणून हिणवतात. आपले मूल आईकडे किरकोळ वाटणाऱ्या वस्तूसाठी ८० रुपये मागून रडते, तेव्हा तो नेहमी निव्वळ हट्ट नसतो. चारचौघांत फाटका सदरा घालून जाण्याची जी लाज आपल्या पिढीने भोगली, तीच ते वेगळ्या ठिकाणी भोगत असते. त्याला ८० रुपये द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. त्याची लाज समजून घ्यावी आणि ती कोणी, कशासाठी निर्माण केली हे त्याच्याशी बोलावे, एवढेच म्हणतो. शिवाय बोलणे सुरू झाले की भाषेची ढब लपत नाही. मुलगी बोलू लागली की तिला स्त्री म्हणून छळणारेही भेटतात. खेड्यातून, शहरातून माणसे तेथे जातात ती आपले पूर्वग्रह सोबत घेऊनच.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा येथे आठवतो: राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकवता येणार नाही. आरंभीची पायरी सर्वांना सारखी असणे, एवढ्याने समता सिद्ध होत नाही.

नियम कोणाचे?

सर्व आभासी जगांत सर्वांत मोठा फरक चित्रांचा वा वेगाचा नसून सत्तेचा आहे. त्यासाठी एक जुनी घटना पाहावी. १९९० मध्ये पॅव्हेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' हे शब्दमय जग उघडले होते. तेथे एका इसमाने अशी युक्ती केली की, इतरांची प्रतिरूपे त्यांच्या इच्छेविरुद्ध अश्लील कृत्ये करीत आहेत, असे वर्णन सर्वांच्या पडद्यावर उमटावे. शरीराला स्पर्श झाला नव्हता. परंतु ज्यांच्या नावाने हे घडले त्यांचा अपमान आणि अश्रू खरे होते. ज्युलियन डिबेल यांनी १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस' या वृत्तपत्रात यावर लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो. त्या जगातील लोकांनी सभा घेतली, वाद घातला. निर्णय होईना तेव्हा एका व्यवस्थापकाने त्या इसमाचे प्रतिरूप स्वतःच्या अधिकारात काढून टाकले. पुढे कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत सुरू केली. मनमानी राजवटीकडून कायद्याच्या राज्याकडे जाण्याचा प्रवास त्या लहानशा जगाने काही महिन्यांत केला.

अशी उदाहरणे थोडीच. आइसलँडच्या कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळविषयक जगात २००८ पासून खेळाडू मतदानाने आपली परिषद निवडतात. ती कंपनीला सल्ला देते, अर्थात अखेरचा शब्द कंपनीचाच. बाकी बहुतेक ठिकाणी आपण नागरिक नसून गिऱ्हाईक असतो. लहान मुलांचे 'क्लब पेंग्विन' २००५ मध्ये कॅनडात सुरू झाले, २००७ मध्ये डिस्नेने विकत घेतले आणि २०१७ मध्ये बंद केले. मुलांनी वर्षानुवर्षे सजवलेली बर्फाची घरे एका दिवसात नाहीशी झाली. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर घर कितीही प्रेमाने बांधले तरी काय होते, हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते.

पालकांनी आणि आपण काय करावे?

आजाराची शक्यता नाकारण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराची नोंद आहे. परंतु त्याची व्याख्या केवळ तासांवर केलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, आणि हे साधारणपणे वर्षभर टिकणे, ही तिची लक्षणे आहेत. अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. लाज बाळगू नये, मारहाण तर मुळीच करू नये.

इतर वेळी मोबाइल हिसकावण्यापूर्वी मुलाशेजारी बसून काही प्रश्न विचारावेत. तुझे तेथले नाव काय, आणि तेच का निवडलेस? तेथे तुला सर्वांत जास्त आवडते ते काय? तेथे तुला ओळखणारे कोण आहेत, आणि त्यांना तू प्रत्यक्ष पाहिले आहेस काय? कोणी खासगीत बोलावयास वा फोटो पाठवावयास सांगितले काय? तेथे पैसे लागतात काय? या उत्तरांतून मुलाची ओढ कळते, आणि ओढ कळली की तिला प्रत्यक्षातही वाट देता येते. यशार्थी मुलाला मैदान आणि स्पर्धा परीक्षा खुणावू शकते. शोधकाला प्रयोगशाळा आणि ग्रंथालय. स्नेहार्थीला पथनाट्य आणि वसतिगृहाची जबाबदारी. वर्चस्व गाजवणाऱ्या मुलाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. तेथे सोटा उगारणारे मूल पुष्कळदा येथे कोणाचा तरी सोटा सोसत असते. कायद्याचीही माहिती असावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून मुलाने खोटे वय टाकून खाते उघडले असेल, तर तो किरकोळ खोडसाळपणा समजू नये. त्या एका खोट्या आकड्याने त्याचे संरक्षणच काढून घेतले जाते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज पुण्याबंगळुरात संगणकक्षेत्रात आहेत. त्यांना एक विनंती करून लेख संपवतो. 'लुआन्टी' नावाचा माइनक्राफ्टसारखाच ठोकळ्यांचा मंच विनामूल्य आणि मुक्त स्वरूपात मिळतो. २०२४ पर्यंत त्याचे नाव 'माइनटेस्ट' होते. तो जुन्या संगणकावरही चालतो, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत, आणि त्यातील जग आपल्याच संगणक कक्षात, बाहेरच्यांना प्रवेश न देता, चालवता येते. सुट्टीत आठ दिवस काढून कोणी हा मंच येथे मांडून द्यावा. मुलांनी त्यात आपले गाव उभारावे, विहीर कोठे असावी आणि ती सर्वांना खुली कशी राहील हे ठरवावे, भांडणे झाल्यास सभा घ्यावी, नियम लिहावेत, मतदान करावे. दुसऱ्याने वसवलेल्या जगात आपली मुले गिऱ्हाईक म्हणून जातच राहतील. त्यांना अडवणे आता शक्य नाही. परंतु स्वतःच्या जगाची घटना लिहिण्याचा अनुभव ज्यांनी एकदा घेतला, ती मुले पुढे कोणत्याही जगात गेली तरी तेथील नियम कोणी केले, हा प्रश्न विचारल्याखेरीज राहणार नाहीत.